हयातीचा दाखला

दर नोव्हेंबरात पेन्शनर मंडळी बँकेत येऊन आपण जिवंत असल्याचं लेखी देतात. कॉम्प्युटरांच्या दुनियेत मात्र हा दाखला मेलेल्यांनाच मिळतो!

अमिगाचंच बघा. कमोडोर कंपनीनं हा कॉम्प्युटर १९८५ साली अमेरिकेत बाजारात आणला. चित्रं, आवाज, व्हिडिओची शीर्षकं यांत त्याचा हात धरणारं त्या किमतीत दुसरं यंत्र नव्हतं. तरी १९९४ साली कंपनीचं दिवाळं वाजलं. लगेच १९९५ साली 'यूएई' हा इम्युलेटर, म्हणजे नव्या यंत्राकडून जुन्याची नक्कल करवून घेणारा प्रोग्रॅम आला. नावातला 'यू' हा 'अनयुझेबल'चा, म्हणजे चक्क 'निरुपयोगी'. कारण सुरुवातीला त्यावर अमिगा चालूच होत नसे. इतकं प्रामाणिक नाव आमच्या एकाही कर्जयोजनेला लाभलेलं नाही.

पुढे नकलाकार तयार झाला. आज हौशी व्हिडिओवाले त्याच्यावर 'डिलक्स पेंट' चालवून शीर्षकं रंगवतात. नक्कल इतकी चोख, की फ्लॉपीची खडखडसुद्धा ऐकू येते. यंत्र कोलमडलं, की काळ्या पडद्यावर लाल चौकटीत 'गुरु मेडिटेशन' झळकतं. साहेबाचं यंत्र, पण आडवं पडताना गुरूचं नाव घेऊन!

एक गुण मान्य करायलाच हवा. आजच्या पडद्यावर एक कोटी सदुसष्ट लाख रंग, त्यामुळे माणूस मध्यरात्रीपर्यंत निळ्याची छटाच शोधत बसतो. डिलक्स पेंटमध्ये ४०९६ रंगांतून ३२ उचलायचे आणि गुमान कामाला लागायचं. हिशेब आटोपशीर, म्हणून शीर्षकही ठसठशीत.

पण 'अगदी तेव्हासारखंच' हा दावा मात्र आम्ही पास करणार नाही. ती चित्रं काचेच्या फुगीर नळीसाठी काढलेली. तिथे शेजारचे दोन ठिपके एकमेकांत मिसळत आणि तिसराच रंग दिसे. चित्रकार ते जमेस धरूनच रंग भरी. आजच्या सपाट पडद्यावर तेच ठिपके मोरीतल्या फरश्यांसारखे सुटे दिसतात आणि लोक त्यालाच 'अस्सल जुनं रूप' म्हणतात.

दुसरी तफावत धाकाची. १९८७ च्या अमिगा ५०० ला मेमरी ५१२ किलोबाइट, फ्लॉपी ८८० किलोबाइटची. काम सेव्ह करायच्या आत गुरुजी प्रकटले, की रात्र पाण्यात. इम्युलेटरमध्ये एक बटण दाबलं की वेग वाढतो, दुसरं दाबलं की मेमरी, आणि तिसऱ्यानं बिघाडाच्या आधीच्या क्षणी परत जाता येतं. नक्कल यंत्राची झाली. त्याच्यापुढे जीव मुठीत धरून बसलेल्या माणसाची झाली नाही. त्याचं कौतुक त्याच्याच खात्यावर जमा राहायला हवं.

तेव्हा हौस म्हणून खुशाल करा, व्हिडिओ चांगलेच होतात. उपास कुणीही करावा. फक्त साबुदाण्याची खिचडी चापून वर 'आम्ही दुष्काळ पाहिलाय' म्हणू नये, एवढंच.