पुढून एक, मागून तीस

बाथचे रॉयल क्रिसेंट न पाहता परत गेलेला मराठी पाहुणा इंग्लंडात विरळाच. आपणच त्याला नेतो, हिरवळीवर उभे करून फोटो काढतो, ‘केवढा हा राजवाडा!’ हे ऐकतो आणि चहाच्या दुकानाकडे वळतो. मला या ‘राजवाडा’ शब्दाशी थोडे भांडायचे आहे.

धाकट्या जॉन वुडने ही अर्धचंद्राकृती रांग 1767 ते 1775 या काळात उभी केली. घरे तीस, आयोनिक शैलीचे खांब 114. तळमजला मुद्दाम साधा ठेवून त्यावरच्या दोन मजल्यांवर हे खांब सलग चढवले आहेत. त्यामुळे नजर मजले मोजत नाही, आणि एक घर कुठे संपले, दुसरे कुठे सुरू झाले, तेही शोधत नाही. युक्ती फर्मास आहे. मी तिला पैकीच्या पैकी गुण देतो.

पण वुडची शिस्त आहे ती दर्शनी भिंतीपुरती. ज्याने त्याने त्या भिंतीचा एकेक तुकडा घेतला आणि तिच्यामागे आपापला माणूस लावून हवे तसे घर बांधून घेतले. मागच्या गल्लीत जाऊन पाहा. पुढचा घडीव, गुळगुळीत दगड इथे नाही. छपरे खालीवर, खिडक्या एका ओळीत नाहीत, कुठे एखाद्या घराचे पोट पुढे आलेले. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना यात नवल वाटू नये: इंटरफेस करारात बांधलेला, आतला कोड ज्याचा त्याचा!

याला ढोंग म्हणणारे आहेत. मी म्हणणार नाही. रस्त्याकडची बाजू गावाची, मागची आपली, ही वाटणी मला समजूतदार वाटते. खटकते ते वारसा जपणाऱ्यांचे लक्ष. कायद्याने ही वास्तू ‘ग्रेड एक’ आहे आणि ते संरक्षण आतल्या भागालाही लागू आहे. तरी गाजते काय? 1970च्या दशकात एका बाईंनी दार पिवळे रंगवले, तर नगरपालिकेने ते पांढरे करायला फर्मावले. बाई लढल्या आणि जिंकल्या. (मला त्यांचा आदर वाटतो, रंग कसा होता ते सोडा.)

उलट पहिल्या क्रमांकाच्या घराची नोकरांची बाजू विसाव्या शतकात तोडून वेगळे घर म्हणून वापरली गेली, आणि ती पुन्हा जोडायला 2013 साल उजाडले. 1970पासून हे घर संग्रहालय आहे. म्हणजे चाळीसेक वर्षे लोक दिवाणखाना पाहत होते, पण त्या दिवाणखान्यातली शेगडी पेटती ठेवणारी माणसे कुठे राबत होती, ते नीट दिसत नव्हते. एवढ्या मोठ्या घराचा नकाशा या माणसांशिवाय कळतच नाही: जिने तसे का, तळघर एवढे खोल का.

पुढच्या पाहुण्यांना आधी तिथले स्वयंपाकघर दाखवा, मग मागची गल्ली. हिरवळीवरचा फोटो शेवटी.