कर्ता कोण? डिझेल घोटाळ्याच्या कागदपत्रांचे एक वाचन

लालबागच्या एका पेट्रोल पंपावर, कोपऱ्यातल्या पत्र्याच्या टपरीत, मी दरवर्षी गाडीचे पीयूसी काढायला जातो. गाडी डिझेलची, २०१३ सालची. कंपनीचे नाव देत नाही, कारण तिच्याविरुद्ध माझी काही तक्रार नाही. टपरीतला मुलगा सायलेन्सरमध्ये नळी खुपसतो, "काका, ॲक्सिलरेटर दाबा, अजून... आता सोडा" म्हणतो, नंबरप्लेटचा फोटो काढतो आणि कागद हातात देतो. दोन-तीन मिनिटांचे काम. गेल्या वर्षी मी त्याला विचारले, "यात नेमकं काय मोजलंस?"

"धूर किती काळा आहे ते."

"आणि नायट्रोजन ऑक्साइड?"

तो हसला. "ते या मशीनमध्ये येत नाही, काका."

दादरच्या एका शाळेत मराठी व्याकरण शिकवण्यात माझा जन्म गेला. इंजिनातले मला बेताचेच कळते. पण वाक्यात कर्ता सापडला नाही की मला चैन पडत नाही. त्या टपरीतून परतल्यावर मी डिझेल घोटाळ्यासंबंधीची निवेदने, आदेश आणि बातम्या जमवून वाचायला घेतल्या. वर्षभराच्या त्या वाचनातून हा लेख झाला. माझा प्रश्न एवढाच, की या सगळ्या कथेत क्रिया कोणी केली आणि शिक्षा कोणत्या पदाला झाली?

*

'प्रयोग' हा शब्द मराठीत तीन ठिकाणी नांदतो. एक प्रयोगशाळेतला, दुसरा गिरगावच्या साहित्य संघात किंवा दादरच्या शिवाजी मंदिरात होणारा नाटकाचा, आणि तिसरा व्याकरणातला. डिझेल घोटाळ्यात हे तिन्ही एकमेकांत मिसळले आहेत.

आधी प्रयोगशाळेतला पाहू. नव्या गाडीची चाचणी रस्त्यावर होत नसे. गाडी रोलरवर चढवायची, चाके जागच्या जागी फिरवायची आणि ठरलेल्या सेकंदाला ठरलेला वेग गाठायचा. भारतातल्या या चाचणीत वेग ताशी ९० किलोमीटरच्या वर जात नाही. सगळे ठरलेले असण्यामागे कारण आहे. प्रत्येक गाडीला एकच माप लावले तरच तुलना न्याय्य होते. पण पेपर आधीच ठाऊक असला की काय होते, हे शिक्षकाला सांगायला नको.

फोक्सवॅगनने पेपर पाठ तर केलाच, शिवाय परीक्षेची खोली ओळखणारे सॉफ्टवेअर गाडीत बसवले. स्टिअरिंग हलत नाही, वेग विशिष्ट क्रमाने चढतो-उतरतो, गाडी अमुक वेळ चालली आहे, हवेचा दाब इतका आहे, या खुणांवरून ही चाचणी आहे हे इंजिनाच्या संगणकाला कळे. मग तो उत्सर्जन रोखणारी यंत्रणा पुरती चालू करी. रस्त्यावर आल्यावर ती ढिली पडे.

असे करण्यात फायदा काय? इंजिनात उष्णता फार वाढली की हवेतलाच नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येऊन नायट्रोजन ऑक्साइड तयार होतात. ते कमी करण्याचा एक उपाय म्हणजे बाहेर जाणाऱ्या वायूचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडून तापमान उतरवणे. पण त्याने काजळी वाढते, इंजिनावर ताण येतो, पिकअप आणि ॲव्हरेज सांभाळणे अवघड जाते. ग्राहकाला पिकअप आणि ॲव्हरेज कळते. नायट्रोजन ऑक्साइड त्याला दिसत नाही. हा वायू श्वासनलिकेला त्रास देतो, उन्हात त्यापासून ओझोन बनतो, हवेतले सूक्ष्म कणही वाढतात.

हे बिंग फुटले ते चाचणी खोलीबाहेर नेल्यामुळे. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातले डॅनियल कार्डर, अरविंद तिरुवेंगडम, मार्क बेश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजणीची यंत्रे गाडीतच ठेवली आणि गाड्या रस्त्यावर चालवल्या. २०१४ मध्ये अहवाल आला. एका गाडीतून मर्यादेच्या १५ ते ३५ पट आणि दुसरीतून ५ ते २० पट नायट्रोजन ऑक्साइड निघत होते. १८ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने कंपनीला नोटीस बजावली. जगभरात अशा सुमारे १ कोटी १० लाख गाड्या असल्याचे कंपनीनेच कबूल केले.

*

हे सगळे परदेशातले, असे वाचकांनी समजू नये. याच्या दोन वर्षे आधी आपल्याकडे एक प्रयोग होऊन गेला होता. जुलै २०१३ मध्ये जनरल मोटर्सने भारतात शेवरोले टॅव्हेराच्या सुमारे १ लाख १४ हजार गाड्या परत बोलावल्या. तपासणीला जाणाऱ्या गाड्यांत कमी उत्सर्जनाची इंजिने निवडून बसवली जात होती. इथे सॉफ्टवेअरचीही गरज नव्हती. नाटकात मुख्य नटाच्या जागी दुसऱ्याला उभे करावे, तसे परीक्षेला वेगळेच इंजिन उभे केले. सरकारी समितीने याला कंपनीने केलेली फसवणूक म्हटले आणि कंपनीने काही अधिकाऱ्यांना काढले. टॅव्हेरा ही प्रामुख्याने प्रवासी वाहतुकीची गाडी होती. कर्ज काढून ती घेणाऱ्याच्या लेखी ती म्हणजे रोजची भाकरी. गाडी दुरुस्तीला गेली की त्या दिवसाचे भाडे गेले, आणि ती भरपाई कोणत्या रकान्यात बसते हे कोणी विचारले नाही.

फोक्सवॅगनचे प्रकरण तर महाराष्ट्राच्या अंगणातले. तिचा कारखाना चाकणला, त्याच समूहातल्या स्कोडाचा औरंगाबादजवळ शेंद्र्याला, आणि चाचणी करणारी एआरएआय पुण्यात वेताळ टेकडीवर. मोटार उद्योग आणि सरकार यांनी मिळून १९६६ मध्ये ही संस्था उभी केली. अमेरिकेतल्या नोटिशीनंतर एआरएआयने गाड्या रस्त्यावर चालवून पाहिल्या. उत्सर्जन भारत स्टेज-४ च्या मर्यादेच्या १.१ ते २.६ पट आढळले. डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने भारतात ३,२३,७०० गाड्या परत बोलावण्याचे जाहीर केले. त्यांत फोक्सवॅगन १,९८,५००, स्कोडा ८८,७०० आणि ऑडी ३६,५००.

हे परत बोलावणे 'स्वेच्छेने' आहे असे कंपनीने म्हटले. माझे वाचन या शब्दावर अडले. आपण काही मोडलेले नाही, भारताच्या नियमांत रस्त्यावरच्या चाचणीचे निकषच ठरलेले नव्हते, ही कंपनीची भूमिका. कायद्याच्या चौकटीत हा युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता. पण व्याकरणाच्या चौकटीत पाहा. 'आम्ही फसवले' हे वाक्य या देशात उच्चारलेच गेले नाही. 'गाड्यांमध्ये सॉफ्टवेअर आढळून आले', 'ते अद्ययावत केले जाईल' असल्या धाटणीने सगळा व्यवहार झाला.

शाळेत आपण शिकलो ते 'रामाने आंबा खाल्ला'. हा आपला कर्मणी प्रयोग. त्यात क्रियापद आंब्यामागे जाते, पण राम वाक्यात हजर असतो. तृतीयेत का होईना, असतो. इंग्रजीच्या सहवासाने रुळलेल्या 'आंबा खाल्ला गेला' या नव्या कर्मणीत रामाला घरी बसता येते. प्रशासनाला आणि कंपन्यांना ही रचना का आवडते, ते उघड आहे.

*

एका शिक्षिकेने आणि इतर काहींनी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागितली. नोव्हेंबर २०१८ मध्ये न्यायाधिकरणाने १०० कोटी रुपये भरण्यास सांगितले. ते भरले गेले नाहीत, तेव्हा १७ जानेवारी २०१९ रोजी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंतची मुदत देऊन अटकेचा इशारा दिला. तज्ज्ञ समितीत एआरएआय होती, नागपूरची नीरीही होती. या गाड्यांनी २०१६ साली सुमारे ४८.६७८ टन नायट्रोजन ऑक्साइड सोडल्याचा तिचा अंदाज होता. आरोग्याची हानी १७१.३४ कोटी रुपयांची धरली आणि तीही हात राखून. ७ मार्च २०१९ रोजी न्यायमूर्ती आदर्शकुमार गोयल यांच्या पीठाने दंड ५०० कोटींवर नेला. ६ मे २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनीवर सक्तीची कारवाई करू नये असे सांगितले.

या आदेशाचे स्वागत करूनही दोन गोष्टी बोलायला हव्यात. पहिली म्हणजे, हानीचा हिशेब दिल्ली महानगर हा आधार धरून केला होता. चाकणला बनलेली गाडी परळच्या रस्त्यावर धावते, आणि श्वासाचा भाव मात्र दिल्लीच्या दराने लागतो. दुसरी अधिक गंभीर. दंड पर्यावरणाच्या हानीचा होता, त्यात मालकासाठी एक रुपयाही नव्हता. न्यायाधिकरणाचे ते कामच नव्हे, हे मान्य. मग कोणाचे होते?

अमेरिकेत २०१६ च्या तडजोडीत मालकांना गाडी घोटाळ्याआधीच्या किमतीला परत देता आली, वर ५,१०० ते १०,००० डॉलर मिळाले. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २५ मे २०२० रोजी वापराची वजावट करून पैसे परत घेण्याचा मालकाचा हक्क मान्य केला. आपल्याकडे ऑडी घेतलेल्या एका ग्राहकाने उत्तर प्रदेशात गुन्हा नोंदवला. तो रद्द करावा म्हणून कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली. २६ नोव्हेंबर २०२० रोजी सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या पीठाने नकार दिला आणि तपासाला वाट मोकळी ठेवली. म्हणजे तिकडे मालकाला भरपाई मिळत होती, तेव्हा इकडे तो फिर्याद टिकावी म्हणून झगडत होता.

एक आक्षेप मी स्वतःलाच घेऊन पाहिला. मालकाचे गेले काय? पिकअप मिळाले, ॲव्हरेज मिळाले. घाण हवा तर शेजाऱ्याच्या वाट्याला गेली. भरपाई मागायचीच तर ती केईएमच्या बाह्यरुग्ण विभागात बसलेल्या दमेकऱ्याने मागावी. या आक्षेपात तथ्य आहे. पण उत्तर पुन्हा व्याकरणातच सापडते. 'रामाने बाणाने रावणास मारले.' राम आणि बाण, दोघांनाही '-ने' हाच प्रत्यय. एक कर्ता, दुसरे करण, म्हणजे साधन. प्रत्यय सारखा म्हणून कोणी बाणावर खटला भरत नाही. गाडीच्या मालकाला त्याच्या नकळत बाण केले गेले. शेजाऱ्याची हवा आपल्या हातून बिघडवली गेली हे त्याचे नुकसान आहे, आणि ते पैशात मोजता येत नाही म्हणून लहान ठरत नाही.

*

मुंबईत हे जास्त बोचते, कारण धुराचा हिशेब या शहराने फार पूर्वीपासून ठेवला आहे. धुराच्या उपद्रवासाठी इथे १९१२ साली कायदा झाला. तेव्हा लालबाग-परळमध्ये गिरण्यांच्या चिमण्या होत्या. धूर काळा होता, आणि चिमणी कोणाची हे अख्ख्या चाळीला ठाऊक होते. तिथे भट्टीचा मालक हाच कर्ता होता. आज चिमणी गेली, धूर विखुरला आणि अदृश्य झाला. आपले मोजमाप मात्र अजून काळेपणाचेच.

१९९९ साली उच्च न्यायालयाने धुराने त्रासलेल्या रहिवाशांच्या याचिकेवर पावले उचलली. व्ही. एम. लाल समिती नेमली गेली आणि जुन्या टॅक्सींना सीएनजीची वाट धरावी लागली. शहराची हवा त्याने सुधारली, हे मी परळला राहून अनुभवले आहे. पण किट बसवण्याचा भार टॅक्सीवाल्यावर आला. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी वयाच्या अटीने निघाली. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने पेट्रोल-डिझेलच्या गाड्या टप्प्याटप्प्याने हटवता येतील का, हे तपासायला समिती नेमण्यास सांगितले. उद्देश चांगले आहेत. पण प्रत्येक वाक्यात कर्त्याच्या जागी गाडीवालाच उभा आहे, कारण त्याला नंबरप्लेट आहे आणि आरटीओच्या दप्तरात त्याचा पत्ता आहे.

कायदा बदलला नाही असे नाही. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात सदोष गाड्या परत बोलावण्याचे कलम आले, आणि पर्यावरणाला होणारी हानी त्यात धरली आहे. उत्पादकाला १०० कोटींपर्यंत दंड होऊ शकतो. १ एप्रिल २०२३ पासून प्रत्यक्ष रस्त्यावरचे उत्सर्जनही मर्यादेत ठेवणे बंधनकारक झाले. हे मोठे पाऊल आहे. तरी २०२१ पासून लागू झालेल्या नियमांत सक्तीने गाड्या परत बोलावण्याचा आधार म्हणजे मालकांनी केलेल्या तक्रारींची संख्या. जो दोष दिसत नाही, ज्याला वास नाही, ज्याने गाडी उलट जोमाने पळते, त्याची तक्रार मालक कशी करणार? डिझेल घोटाळा याच नियमाच्या चाळणीतून सहज निसटला असता. चालू वापरातल्या गाड्यांपैकी काही दरवर्षी अचानक उचलून रस्त्यावर तपासाव्यात आणि निकाल मॉडेलवार जाहीर करावेत. म्हणजे आरोपीच्या जागी उत्पादक येईल आणि मालक साक्षीदाराच्या जागी बसेल.

या वर्षीही टपरीत गेलो. मुलाने नळी खुपसली, फोटो काढला, कागद दिला. माझ्या गाडीचा क्रमांक, तारीख, धुराचा आकडा, सगळे जागच्या जागी. हे प्रमाणपत्र नसले तर कायद्यात १० हजार रुपयांपर्यंत दंड मला आहे. मी कागद नीट घडी घालून पाकिटात ठेवला. नायट्रोजन ऑक्साइडचा रकाना त्यावर अजून नाही.