‘संगीत बारी’ : चौफुल्याबाहेरची लावणी

लावणीविषयीं चार शब्द लिहावयाचे म्हटलें कीं सुशिक्षित मराठी घरांत अजून थोडी चुळबूळ होते. रामजोशांची लावणी वर्गांत शिकविली तर चालते, होनाजी बाळाची भूपाळी कानीं पडली तर हात जोडले जातात. परंतु ज्या बायकांनीं ही परंपरा गळ्यांत आणि पायांत जिवंत ठेवली त्यांचीं नांवें आमच्या घरांत सहसा निघत नाहींत. आम्ही स्वतः याला अपवाद नव्हतों. शिरूरहून न्हावऱ्यावरून दौंड तालुक्यांत येणारा रस्ता चौफुल्यास पुणें-सोलापूर महामार्गाला मिळतो, आणि या वाटेनें आम्ही वर्षानुवर्षें गेलों आहों. तेथील कला केंद्रांच्या पाट्या वाचल्या, संध्याकाळीं दारांत उभ्या असलेल्या मोटारी पाहिल्या; पण आंत पाऊल टाकलें नाहीं. आंत काय चालतें तें आम्हांस कळलें पुण्याच्या नाट्यगृहांत, तिकीट काढून. ही गोष्ट आमच्या भूषणाची नव्हे. पण ‘संगीत बारी’ या प्रयोगाचा विचार तिच्यापासूनच करावा लागतो.

तमाशाचे दोन प्रकार रूढ आहेत. ढोलकी-फड तंबू घेऊन गांवोगांव फिरतो. गण, गौळण, बतावणी, वग असा त्याचा क्रम. संगीत बारी ही एका थिएटरांत मुक्काम करून असते. एका छपराखालीं अनेक पार्ट्या. प्रत्येकीची एक मालकीण, तिच्या गाणाऱ्या-नाचणाऱ्या मुली आणि पेटी, तबला व ढोलकी वाजविणारे साथीदार. पाळीपाळीनें पार्टी रंगमंचावर येते; ही पाळी म्हणजेच बारी. खरी मिळकत मात्र फर्माईश, दौलतजादा आणि खासगी बैठक यांवर. पैसे देणारा समोर बसलेला असतो, आणि त्याच्याकडे पाहून एकाच ओळीच्या निरनिराळ्या अदा करावयाच्या असतात. या कलेचें मर्म व तिचें दुःख हीं दोन्हीं याच एका व्यवहारांत आहेत.

भूषण कोरगांवकर यांचें ‘संगीत बारी’ हें पुस्तक २०१४ सालीं निघालें. पुढच्या वर्षीं त्याच नांवाचा रंगमंचीय प्रयोग सावित्री मेधातुल यांच्या दिग्दर्शनाखालीं उभा राहिला. दोघेही रंगमंचावर निवेदन करतात. पण प्रयोगाचा जीव आहे तो शकुंतलाबाई नगरकर, पुष्पा सातारकर, आकांक्षा कदम आणि पेटीवरचे चंद्रकांत लाखे यांच्यासारख्या, बारींतच मुरलेल्या मंडळींत. मुरलेल्या कलावंतांनीं आपलें जुनें आवार सोडून नवा संच बांधावा, ही गोष्ट जगांत अन्यत्रही घडली आहे. इंग्लंडांत १९७६-७७ च्या सुमारास ‘पंक’ नांवाचें उद्दाम, शिष्टांना शिव्या घालणारें संगीत उसळलें. त्यांतला ‘सेक्स पिस्टल्स’ हा अग्रणी संच १९७८ च्या आरंभीं मोडला, आणि त्याचा गायक जॉन लायडन यानें त्याच वर्षीं ‘पब्लिक इमेज लिमिटेड’ काढला. जोडीला ‘क्लॅश’च्या आरंभीचा वादक कीथ लेव्हीन. त्यांनीं श्रोते बहुतांशीं तेच ठेवून नाद नवा शोधला. आमच्या या बायांनीं नेमकें उलट केलें. नाद तोच ठेवला, श्रोता नवा शोधला.

आमच्या मतें हें दुसरें काम अधिक अवघड. शकुंतलाबाईंनीं पन्नाशी केव्हांच ओलांडली आहे. त्या बसून अदा करूं लागल्या, कीं ओळ तीच राहते आणि बाई बदलते : आतां रुसलेली, आतां थट्टेखोर, आतां समोरच्याची कींव करणारी. पहिल्या रांगेंतील एखाद्या सभ्य गृहस्थाला त्या नजरेनें असा कांहीं धरतात कीं तो बिचारा चष्मा पुसूं लागतो. आम्ही त्या रांगेंत नव्हतों, हें आमचें भाग्य. आमच्या शेजारीं बसलेल्या सौभाग्यवती मात्र आमच्या आधीं हंसल्या, आणि त्यांना त्यांतलें आमच्याहून अधिक कळत होतें, हेंही आमच्या ध्यानांत आलें. चौफुल्याच्या बारींत हा श्रोतृवर्ग प्रायः नसतो. स्त्रीनें स्त्रीच्या शृंगाराला दिलेली दाद या कलावतींना नाट्यगृहांत मिळाली, ही प्रयोगाची खरी मिळकत होय.

दोषही आहेत. निवेदन कांहीं ठिकाणीं लांबतें. जें डोळ्यांनीं आधींच सांगून टाकलें आहे तें शब्दांनीं पुन्हां सांगितलें कीं रंग उतरतो. दुसरा आक्षेप मूळचाच आहे. बारींत श्रोता फर्माईश करतो आणि त्याच्या हट्टांतून अदा फुलते. खुर्चींत बसलेला तिकीटधारी फार तर टाळ्या वाजवितो. हें अंतर शकुंतलाबाई आपल्या हजरजबाबीपणानें भरून काढतात, पण तें सर्वांनाच साधेल असें नाहीं.

तथापि एका मोहांतून हा प्रयोग सुटला याचें श्रेय दिलेंच पाहिजे. सभ्यांनीं लावणीला जवळ केलें तें बहुधा धुऊन-पुसून. सुलोचना चव्हाण यांनीं डोक्यावरचा पदर ढळूं न देतां ती गायिली, आणि तो आवाज घराघरांत गेला. नाचणारी मात्र दाराबाहेरच राहिली. बैठकीच्या लावणीच्या थोर गायिका यमुनाबाई वाईकर यांना पद्मश्री मिळाली ती २०१२ सालीं, वयाची नव्वदी उलटल्यावर. येथें कांहींच धुतलेलें नाहीं. कमावत्या मुलीच्या जिवावर भाऊ व त्यांचे संसार चालतात, तिच्या स्वतःच्या लग्नाचा मात्र विचार होत नाहीं, हें वास्तव डॉ. किशोर शांताबाई काळे यांच्या ‘कोल्हाट्याचं पोर’ या १९९४ च्या आत्मकथनानें मराठी वाचकाला हादरवून सांगितलें होतें. तें पुस्तक वाचून आम्ही हळहळलों. येथें मात्र बाई स्वतः समोर उभी असते, तिला हळहळ नको असते. आपल्या कसबाची पारख हवी असते, आणि ती आम्हांस पुरतेपणीं येत नाहीं, हें ती ओळखून असते.

राहतो तो पोटाचा प्रश्न. निवडक कलावतींना नाट्यगृह मिळालें. कला केंद्रांतल्या वीस वर्षांच्या मुलीकडे गिऱ्हाईक आज सिनेमाचें गाणें मागतें. ‘बॅनर शो’मध्यें तर ध्वनिमुद्रित गाण्यावरच नाच चालतो, ढोलकीवाला घरीं बसतो. मुद्रित गाण्याला मध्येंच थांबवून तीच ओळ पुन्हां घ्यावयास सांगतां येत नाहीं, म्हणजे अदा करावयास जागाच उरत नाहीं. शकुंतलाबाईंची विद्या त्या मुलीनें कोणासाठीं शिकावी?

येत्या सुटींत शिरूरहून परततांना चौफुल्यास उतरावें असा सौभाग्यवतींचा आग्रह आहे. आम्हीं होकार दिला आहे. तेथें बायकांनीं बसावयाची सोय असते कीं नाहीं, एवढें मात्र कोणास विचारावें हें अद्याप सुचलेलें नाहीं.