पन्नाशीत पहिल्यांदा माइकसमोर: वय ऐकायचं कसं?

रॉक बँडचा मुख्य गायक पन्नाशीचा असेल तर आपण साधारण दोनच गोष्टी म्हणतो. जुना स्टार असेल तर ‘अजूनही काय गातो!’ आणि पहिल्यांदाच उभा राहिला असेल तर ‘हौस आहे, करू दे की.’ हे दुसरं वाक्य दिसायला प्रेमळ आहे, पण त्यात गाणं ऐकणं कुठेच नाही.

संगीत आणि वय यांवरच्या संशोधनातही ही फट दिसते. अँडी बेनेट यांचं ‘म्युझिक, स्टाइल अँड एजिंग’ (२०१३) हे या विषयातलं महत्त्वाचं पुस्तक. सोप्या भाषेत त्यांचं म्हणणं असं: वय वाढलं म्हणून माणसं रॉक किंवा पंक सोडत नाहीत, आपल्या वयाला बेतून ते जगत राहतात. पटतं. पण इथे भर आहे तो तरुणपणी जुळलेलं नातं पुढे टिकवण्यावर. ज्याची सुरुवातच उशिरा झाली, त्याचं काय?

एक उदाहरण घेऊ. ‘ब्लॅक सॅबथ’चं ‘चेंजेस’ हे गाणं १९७२चं. तेव्हा ऑझी ऑझबर्न २३ वर्षांचा होता. हेच गाणं पुढे चार्ल्स ब्रॅडलीने गायलं आणि २०१६मध्ये त्याच्या अल्बमला नावही तेच दिलं. गंमत म्हणजे दोघांचाही जन्म १९४८च्या अखेरीचा, महिन्याभराच्या अंतराने! ब्रॅडलीचा पहिला अल्बम मात्र २०११मध्ये आला, वयाच्या ६२व्या वर्षी. त्याआधी त्याने अनेक वर्षं स्वयंपाकी म्हणून काम केलं होतं.

ऑझीच्या गाण्यात जोडीदार दुरावल्याचं दुःख आहे, आवाज सरळ, जवळजवळ पोरका. ब्रॅडली तेच शब्द सोल संगीताच्या अंगाने घेतो आणि आईच्या आठवणीशी जोडतो. आवाज फाटतो, खरखरतो. पण ती खरखर झाकायची गोष्ट राहत नाही, गाण्याचा अर्थच तिथून येतो. ‘या वयातही छान’ असं म्हणायला जागाच उरत नाही.

आता शनिवार पेठेत या. रमणबागेच्या मैदानावर कित्येक वर्षं सवाई गंधर्व महोत्सव भरायचा. तिथल्या श्रोत्यांनी भीमसेन जोशींना ऐंशी ओलांडल्यावरही ऐकलं. थकलेल्या आवाजात काय ऐकायचं असतं, हे पुण्याला शिकवायला नको. मग हाच कान रॉकच्या वेळी बंद का होतो?

यावर एक रास्त आक्षेप आहे: भीमसेनांच्या मागे साठेक वर्षांची साधना होती, नवख्याच्या मागे काय आहे? आक्षेप बरोबर आहे, आणि उत्तर ब्रॅडलीकडेच आहे. अल्बम येण्याआधी तो वर्षानुवर्षं जेम्स ब्राउनची नक्कल करत स्टेजवर गात होता. शॅरन जोन्सचंही तसंच. १९५६चा जन्म, ‘डॅप-किंग्ज’सोबतचा पहिला अल्बम २००२मध्ये. त्याआधी चर्च, लग्नसमारंभातले बँड आणि पोटासाठी तुरुंगातली नोकरी. म्हणजे ‘पहिल्यांदा’ हा शब्दच फसवा आहे. पहिल्यांदा मिळाला तो मधला माइक. गाणं आधीपासून चालूच होतं.

म्हणून माझ्या मते संशोधकाने ‘इतक्या उशिरा का?’ हे विचारण्याआधी ‘इतकी वर्षं कुठे गात होता?’ हे विचारावं. आपल्याकडे ती जागा भजनी मंडळ असेल, ऑर्केस्ट्रातला कोरस असेल, ऑफिसचं गॅदरिंग असेल. बायकांच्या बाबतीत तर हा प्रश्न जास्तच टोचतो, कारण घर आणि नोकरी सांभाळताना रात्रीची तालीम आधी सुटते ती बहुतेक त्यांचीच.

आणि श्रोत्यांना एकच विनंती. पन्नाशीतल्या नवख्या गायकाला सवलत देऊ नका. बेसूर असेल तर बेसूर म्हणा. पण त्यासाठी आधी ऐका. ‘हौस आहे’ म्हटलं की ना दाद द्यावी लागते, ना चूक दाखवावी लागते.