‘झुंड’मधले पाचशे रुपये

(आर्णी येथील जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन)

आज आपण नागराज मंजुळे यांच्या ‘झुंड’बद्दल बोलणार आहोत. 4 मार्च 2022 ला हा सिनेमा आला, तेव्हा बहुतेक चर्चा अमिताभ बच्चन यांच्याभोवती फिरली, नाहीतर पडद्यावर दिसलेल्या बाबासाहेबांच्या तसबिरीभोवती. दोन्ही गोष्टी मोलाच्याच. पण आम्हाला बोलायचंय ते सुरुवातीच्या एका छोट्या व्यवहाराबद्दल.

आठवून बघा. पावसात झोपडपट्टीतली पोरं प्लास्टिकचा डबा लाथाडत खेळतात. विजय बोराडे हे क्रीडाशिक्षक ते पाहतात. दुसऱ्या दिवशी फुटबॉल घेऊन येतात आणि म्हणतात, अर्धा तास खेळा, पाचशे रुपये देतो. पोरं खेळतात, पैसे घेतात, पुन्हा येतात. काही दिवसांनी सर सांगतात, आता पैसे नाहीत. तरीही पोरं खेळतातच! आपण थिएटरात इथे हसतो, सुखावतो. पोरांना खेळाची गोडी लागली, असं म्हणतो.

आमचा प्रश्न इथेच आहे. पैसे बंद झाले याचा आपल्याला एवढा आनंद का होतो?

हा प्रश्न आम्हाला पडला तो स्कॉटलंडमधल्या एका गावामुळे. एअरशायर परगण्यातलं ग्लेनबक. कोळशाच्या खाणींवर जगणारं गाव, भरभराटीच्या दिवसांतही वस्ती हजार-बाराशेच्या पुढे फारशी गेली नाही. या एवढ्याशा गावातून पन्नासच्या आसपास व्यावसायिक फुटबॉलपटू निघाले. म्हणजे आपल्या तालुक्यातल्या एखाद्या मध्यम गावाएवढं गाव धरा! बिल शँकली तिथलेच, जन्म 1913 चा. दहा भावंडं, त्यांत पाच भाऊ, आणि पाचही व्यावसायिक खेळाडू. बिल चौदाव्या वर्षी खाणीत कामाला लागले. पुढे खाण बंद पडली, काम गेलं. 1932 मध्ये कार्लाइल युनायटेडनं त्यांना घेतलं, दुसऱ्या वर्षी ते प्रेस्टनला गेले. लिव्हरपूलला मोठं करणारे प्रशिक्षक म्हणून जग त्यांना ओळखतं, ते त्यानंतर.

ही गोष्ट सांगताना लोक पटकन म्हणतात, गरिबीनं खेळाडू घडवले. आम्हाला हे पटत नाही. गरिबीनं खेळाडू घडत असते तर आपल्या जिल्ह्यात किती झाले असते! वणीला कोळसाही आहे. ग्लेनबककडे खाणीखेरीज आणखी काही होतं. गावाचा स्वतःचा संघ होता, ‘चेरीपिकर्स’. आसपासच्या गावांचे संघ होते, स्पर्धा होत्या, आणि त्या पाहून खेळाडू उचलणारे क्लब होते. तिथे पगार मिळायचा. फार मोठा नव्हे; 1922 नंतर इंग्लंडमधल्या क्लबांनी आठवड्याला 8 पौंड अशी कमाल मर्यादाच ठरवून टाकली होती. पण जमिनीवर, उजेडात राहून मिळणारा तो रोजगार होता. शँकलींना कुणी म्हटलं नाही की बाबा, फुटबॉल खेळ म्हणजे तू सुधारशील. पाय चांगला चालतो ना? मग ये, सही कर.

आता ‘झुंड’कडे परत या. इथे पोरांकडून आपली अपेक्षा काय? चोरी सोडावी, नशा सोडावी, माणसात यावं. खेळ हे औषध झालं. ज्या नागपूरच्या विजय बारसे सरांवर हा सिनेमा बेतला, त्यांनी 2001 मध्ये ‘स्लम सॉकर’चं काम सुरू केलं ते याच कळकळीतून, आणि ते काम थोर आहे, यात वादच नाही. सिनेमातली पोरं ज्या ‘होमलेस वर्ल्ड कप’च्या दिशेनं निघतात, ती स्पर्धा सुरू करणाऱ्यांत मेल यंग हे स्कॉटिश गृहस्थ आहेत. पण तिचा एक नियम लक्षात घ्या: एका खेळाडूला तिथे आयुष्यात एकदाच खेळता येतं. जास्तीत जास्त लोकांना संधी मिळावी म्हणून हा नियम आहे, योग्यच आहे. पण त्या स्पर्धेतून पेशा उभा राहत नाही. विमान परत आल्यावर डॉन काय करणार?

मंजुळेंना हे कळत नाही असं नाही. उलट उत्तरार्धात त्यांनी फार धाडसी गोष्ट केलीय. सामना जिंकल्यावर सिनेमा खेळ सोडून देतो आणि कागदांच्या मागे लागतो. रिंकू राजगुरूची मोनिका आपण कोण आहोत हे सिद्ध करायला वणवण फिरते. अनेकांना हा भाग लांबला असं वाटलं. आम्हाला तोच सगळ्यात खरा वाटतो. दाखल्यासाठी तहसीलला चकरा मारलेल्या माणसाला तो कसा लांबेल? दार कुठे बंद आहे, हे दिग्दर्शक नेमकं दाखवतो.

पण दार उघडल्यावर आत काय आहे, हे तो विचारत नाही. विमानतळावर शेवट होतो, आपले डोळे भरून येतात, आणि रोजीचा प्रश्न बाहेरच राहतो. शिवाय दार उघडतं ते एका भल्या शिक्षकामुळे. ग्लेनबकला असा एकटा शिक्षक लागला नाही, कारण गावाचा संघच ते काम करत होता. आपल्याकडे त्याच्या जवळ जाणारं उदाहरण कोल्हापूरचं. तिथे पेठापेठांच्या तालमींचे संघ आहेत, शाहू स्टेडियम भरतं, आणि त्याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळून पुढे व्यावसायिक क्लबांत गेला. विदर्भात पोरं कमी नाहीत, ही साखळी नाही.

म्हणून ‘झुंड’ पुन्हा बघाल तेव्हा त्या पाचशे रुपयांपाशी जरा थांबा. आमच्या मते त्या पोरांनी पैसे मागितले यात त्यांचं काही चुकलं नव्हतं. खेळणं हेही काम आहे, हे ग्लेनबकच्या खाणकामगाराला माहीत होतं. आपल्या आर्णीत संध्याकाळी मैदानावर पोरं दिसली की आपण म्हणतो, चला, वाईट नादापेक्षा बरं. तेवढंच म्हणून आपण पुढे जातो. त्यांच्यातला एखादा खरंच चांगला खेळत असेल तर त्यानं पुढे कुठे जायचं, हे आपल्यापैकी कुणाला सांगता येईल का? आम्हालाही येत नाही. आता तुमचे प्रश्न घेऊ, आणि याच प्रश्नापासून सुरुवात झाली तर बरं होईल.