राक्षसाचे बळ मोजायचे कशाने?

परळीच्या वैद्यनाथाची कथा मराठवाड्यात लहानपणापासून कानावर पडते. समुद्रमंथनातून धन्वंतरी आणि अमृत वर आले. ते दैत्यांच्या हाती लागू नये म्हणून विष्णूने दोन्ही शिवलिंगात दडवले. दैत्य झडप घालायला धावले, पण लिंगाला हात लागताच ज्वाळा उसळल्या आणि त्यांना पळता भुई थोडी झाली. भक्तांनी हात लावला तेव्हा त्याच लिंगातून अमृताच्या धारा वाहिल्या. म्हणून आजही इथे कुणीही लिंगाला हात लावून दर्शन घ्यावे, असे सांगतात. या कथेत देव, दैत्य, झटापट सगळे आहे, फक्त कुणाच्या दंडात किती बळ हा हिशेब कुठेच नाही. निकाल लागतो तो हात कुणाचा यावर. फासे आणि कल्पनेच्या बळावर मित्रमंडळींत बसून खेळल्या जाणाऱ्या साहसी भूमिका-खेळांना गेली पन्नास वर्षे जो प्रश्न छळतो आहे, त्याचे उत्तर मला या कथेच्या वळणाने जाणारे वाटते.

तो प्रश्न असा. खेळ चालवणारा एक जण राक्षस उभे करतो, बाकीचे आपापल्या वीरांच्या भूमिकेत त्यांच्याशी लढतात. राक्षस लेचापेचा निघाला तर खेळ कंटाळवाणा होतो, भारी पडला तर महिनोन्‌महिने जपलेली पात्रे तासाभरात मरतात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ 1974 साली आला तेव्हा हे बरेचसे ढोबळ होते: तळघर जितके खोल, तितके राक्षस भयंकर. पुढे उतरायचे की माघारी फिरायचे, हे खेळणाऱ्यांनी ठरवायचे. 2000 सालच्या तिसऱ्या आवृत्तीने प्रत्येक राक्षसाला ‘चॅलेंज रेटिंग’ नावाचा आकडा चिकटवला. त्याच पातळीच्या चार वीरांनी त्याच्याशी लढताना आपल्या शक्तीचा साधारण पाचवा हिस्सा खर्च करावा, असे त्यामागचे गणित. 2008 च्या चौथ्या आवृत्तीने हा हिशेब सगळ्यात काटेकोर केला आणि लढाया एका साच्यातल्या वाटतात ही तक्रारही तिच्याच वाट्याला आली. तेव्हापासूनची धडपड मुख्यतः आकडे सुधारण्याची आहे. 2019 च्या ‘पाथफाइंडर’ दुसऱ्या आवृत्तीत तर आकडा बऱ्यापैकी खरा ठरतो. ती कारागिरी मी कमी लेखत नाही.

तरी हा आकडा नेमका काय मोजतो, ते एकदा जवळून पाहावे. पाचव्या पातळीचे चार वीर घ्या. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या पाचव्या आवृत्तीच्या 2014 च्या नियमांत त्यांच्यासाठी 1000 गुणांची लढाई सोपी, 2000 ची मध्यम, 3000 ची अवघड आणि 4400 ची जीवघेणी. ट्रोल नावाच्या राक्षसाचे गुण 1800, म्हणजे एक ट्रोल सोपा. दोन आणले की 3600 होतात, शिवाय शत्रू दोन झाले म्हणून दीडपट धरायचे: 5400. एका ट्रोलची भर पडली आणि लढाई सोपीवरून मधल्या दोन पायऱ्या गाळून थेट जीवघेणी झाली! 2024 च्या सुधारित नियमांनी हा गुणाकारच काढून टाकला. तेच दोन ट्रोल आता 3600 वरच थांबतात आणि 4400 च्या कमाल मर्यादेत आरामात बसतात. राक्षस तेच, वीर तेच, बदलली ती फक्त मोजपट्टी. आणि जी गोष्ट ट्रोलला ट्रोल बनवते ती दोन्ही हिशेबांत नाही. त्याच्या जखमा दर फेरीला आपोआप भरून येतात. हे भरून येणे थांबवायला आग किंवा आम्ल लागते. चौघांपैकी एकाकडे जळती मशाल असली तर हा साधा धिप्पाड प्राणी, कुणाकडेच काही नसले तर तो संपता संपत नाही. गुण मात्र दोन्ही वेळा 1800.

नवरात्रात सप्तशतीचा पाठ ऐकणाऱ्याला इथे रक्तबीज आठवल्याशिवाय राहणार नाही. त्याच्या रक्ताचा थेंब जमिनीवर पडला की त्याच्यासारखाच दुसरा असुर उभा राहतो. म्हणजे जितका जोरकस वार, तितके शत्रू जास्त. वीराचे बळच त्याच्यावर उलटते. चामुंडा थेंब भुईवर पडण्याआधी पिऊन टाकते, तेव्हा कुठे तो संपतो. पुराणातले राक्षस असेच मोजलेले आहेत, त्यांना मिळालेल्या वराने आणि त्या वरात राहून गेलेल्या फटीने. हिरण्यकशिपूला घरात ना बाहेर, दिवसा ना रात्री, माणसाकडून ना पशूकडून मरण नाही. त्याच्यापुढे विसाव्या पातळीचा वीरही हतबल आहे, आणि उंबरठ्यावर संध्याकाळी नरसिंहाचा निभाव लागतो. आपल्या लोककथांतली भुतेही याच जातीची. पिंपळावरच्या मुंजाला तलवारीने काय करणार? त्याचे काय राहून गेले आहे, ते शोधावे लागते. माझे म्हणणे एवढेच आहे: राक्षस आणि वीर यांच्यातला तोल बळाच्या बेरजेत शोधून सापडत नाही. राक्षसाला घातलेली अट काय, आणि ती वीरांना कधी व किती कळते, यात तो असतो.

हे पाश्चात्त्य खेळाला अगदी परके आहे असेही नाही. ‘ड्रॅगन’ मासिकाच्या नोव्हेंबर 1987 च्या अंकात संपादक रॉजर मूर यांनी ‘टकरचे कोबोल्ड’ गाजवले. कोबोल्ड म्हणजे सर्वांत दुबळे राक्षस, पण अरुंद बोगदे, आग आणि आडोसा वापरून त्यांनी मुरलेल्या वीरांना सळो की पळो केले. आकड्याने पाहिले तर ते एका फटक्याचे धनी. खुद्द आपला ‘राक्षस’ही 1977 च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये वाघाचे तोंड लावून बसला आहे आणि त्याला अटही आहे: अभिमंत्रित बाण लागला की तो मरतो. 2014 च्या पाचव्या आवृत्तीत ती अट अधिक अर्थपूर्ण झाली. सत्प्रवृत्त माणसाच्या हातातले जादूचे टोकदार शस्त्र त्याला दुप्पट इजा करते. म्हणजे पुन्हा हात कुणाचा, हाच प्रश्न. दुर्दैवाने पानावर ही अट एका ओळीत आटोपते आणि खेळ चालवणाऱ्याची नजर जाते ती शेजारच्या 13 या आकड्यावर.

यावर पहिला आक्षेप असा की अटीचा राक्षस म्हणजे एका किल्लीचे कुलूप. किल्ली सापडली नाही तर खेळ अडून बसतो. एकच किल्ली लपवून ठेवली तर हे खरेच आहे. पण हिरण्यकशिपूचा वर नीट पाहावा. तिथे किल्ली कुणी ठेवलेलीच नाही. काय चालणार नाही याची यादी उघड आहे आणि उत्तर ज्याने त्याने फटींतून घडवायचे आहे. चार खेळणारे चार उंबरठे शोधतील, आणि ते सगळे चालवून घ्यायची तयारी हवी. दुसरा आक्षेप, नवख्याला आकड्याचा आधार लागतो. लागतोच. आकडा ठेवावा, पण तो भिंतीचा ओळंबा म्हणून. ओळंब्याने घर बांधून होत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: पुराणात देवच जिंकणार हे ठरलेले असते, खेळात तसे ठरलेले चालत नाही. पण आपण कथेचा शेवट लक्षात ठेवतो आणि मधला भाग विसरतो. महिषासुर इंद्राला स्वर्गातून हाकलून लावतो. देव बळाने लढतात तेव्हा बहुतेकदा हरतात. हरण्यातूनच अट कळते आणि दुसरी चाल सुचते. खेळातही वीरांना हरून, जीव वाचवून परतण्याची वाट ठेवली तर निकाल आधी ठरवण्याची गरज उरत नाही. शिवाय शेवट मरणानेच व्हायला हवा असेही नाही. खंडोबाच्या कथेत मणी हा दैत्य शरण येतो, देवाला आपला घोडा देतो आणि त्याच्याजवळ जागा मागून घेतो. कुठल्याही गुणांच्या तक्त्यात या शेवटाला रकाना नाही.

मराठीत असा खेळ लिहायला कुणी बसणार असेल, तर त्याला माझी विनंती आहे. अंबाजोगाईच्या योगेश्वरीने मारलेला दंतासुर असो की गावच्या पिंपळावरचा मुंजा, पान उघडताच त्याला मिळालेला वर लिहावा. मग त्या वराची गावात कुणाला किती माहिती आहे, ते लिहावे. आकडा त्यानंतर, खाली, लहान अक्षरांत चालेल.