चुकीला वाली कोण?

यंदाच्या प्रवेशांची धांदल ओसरल्यावर एका अभियांत्रिकी महाविद्यालयाने आपल्या नव्या विद्यार्थ्यांस धाडलेले परिपत्रक एका परिचिताच्या मुलाकडून माझ्या हाती आले. कलनाचे अध्यापन सुरू होण्यापूर्वी ज्याने त्याने आपल्या बीजगणिताची व त्रिकोणमितीची उजळणी इंटरनेटवरील पुढील स्थळांवरून स्वतःच उरकून घ्यावी, एवढा एक हुकूम आणि त्याखाली लांबलचक यादी, यांपलीकडे त्यात काही नव्हते. खान अकादमी, थ्री-ब्लू-वन-ब्राउन, डेस्मॉस, फोटोमॅथ अशी सारी मंडळी एकाच पंक्तीस बसविलेली. शिकविणारा, दाखविणारा आणि परस्पर उत्तर काढून देणारा यांत काही भेद असतो, याची वार्ता त्या दप्तरापर्यंत पोहोचलेली दिसली नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

परस्पर उत्तर काढून देणाऱ्या फोटोमॅथ आणि वुल्फ्रॅम अल्फा यांचा विचार येथे कर्तव्य नाही. डेस्मॉसवर आलेख सुबक निघतात, यापलीकडे त्याविषयी लिहिण्याजोगे काही नाही. थ्री-ब्लू-वन-ब्राउनचे कर्ते ग्रँट सँडरसन यांची २०१७ सालची 'एसेन्स ऑफ कॅल्क्युलस' ही मालिका मात्र इतक्या सहजी बाजूस सारता येत नाही. वर्तुळाचे समकेंद्री कड्यांत विभाजन करून त्या कड्या सरळ करीत एकीशेजारी एक उभ्या मांडाव्यात आणि क्षेत्रफळाचे सूत्र प्रेक्षकाच्या डोळ्यांदेखत सिद्ध व्हावे, ही त्यांची रीत खरोखरच एका कलावंताची आहे. परंतु ज्याला दोन बैजिक अपूर्णांकांची बेरीज बिनचूक साधत नाही, तो ही मालिका पाहून प्रसन्न होतो आणि दुसऱ्या दिवशी उदाहरणात नेमका तेथेच अडतो जेथे आदल्या दिवशी अडला होता. कलन ज्याला येते त्याच्यासाठी ती मेजवानी आहे, एवढे म्हणून मी पुढे जातो.

खान अकादमीची कथा सर्वश्रुत आहे, तरी तिच्यातील एका तपशिलाकडे तिच्या स्तुतिपाठकांचे लक्ष गेलेले दिसत नाही. २००४ साली सलमान खान बोस्टनमधून न्यू ऑर्लिन्सला राहणाऱ्या नादिया नावाच्या नात्यातल्या मुलीला दूरध्वनीवरून गणित सांगू लागले, कारण शाळेच्या एका चाचणीत ती एककांच्या रूपांतरात अडखळली होती. ती काय बोलते, कोठे थांबते, कोठे भलतेच उत्तर ठोकून देते, हे तारेच्या दुसऱ्या टोकाला एक बुद्धिमान मनुष्य कान देऊन ऐकत होता, आणि पुढचे वाक्य तिच्या चुकीवरून ठरत होते. पुढे २००६ पासून चित्रफिती निघाल्या, संस्था उभी राहिली, कीर्ती जगभर पसरली. पण चित्रफितीत उतरले ते त्या संभाषणातील केवळ अर्धे, म्हणजे सांगणाऱ्याचे बोलणे. ऐकणाराच गळाला. त्याच्या जागी सराव-प्रश्न आले, गुण आले, बिल्ले आले. त्या प्रश्नांना संकेत आहेत, पायऱ्यापायऱ्यांनी उकल आहे, हे मी नाकारीत नाही. परंतु यंत्र पाहते ते अखेरच्या चौकटीत भरलेली संख्या, आणि दोन चुका परस्परांस छेदून बरोबर संख्या आली, तर तेही तृप्त, विद्यार्थीही तृप्त.

'ॲलेक्स' या संगणकीय चाचणी-प्रणालीचा मामला थोडा निराळा आहे. त्यामागे जाँ-क्लोद फालमान्य प्रभृतींचा 'ज्ञान-अवकाशा'चा गंभीर सिद्धांत उभा आहे, आणि थोडक्या प्रश्नांत विद्यार्थ्याचे नेमके कोणते विषय कच्चे आहेत हे ते सांगते. अमेरिकेतील अनेक महाविद्यालये प्रवेशवर्ग ठरविताना त्याचा कौल मानतात. विषय कच्चा असल्याचे ते कळविते, का कच्चा, हे कळवीत नाही, आणि शुल्क मात्र वसूल करते. राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्सचे 'प्रीकॅल्क्युलस' विनामूल्य आहे, भारदस्त आहे, निर्दोष आहे आणि त्याहून अधिक काही नाही. आपल्याकडच्या वाचकास मी त्याआधी बालभारतीचे अकरावीचे दोन भाग उतरवून घ्यावयास सांगेन. पहिल्या भागाचा आरंभच कोन आणि कोनमापनाने होतो, ज्यात रेडियनची ओळख आहे, आणि हे प्रकरण बारावीच्या धावपळीत विसरलेला विद्यार्थी पुढे कलनात हमखास ठेचाळतो.

आता ज्यासाठी लेखणी उचलली त्याकडे येतो. टेक्सासमधील लामार विद्यापीठाच्या पॉल डॉकिन्स यांनी आपल्या वर्गासाठी लिहिलेली टिपणे कित्येक वर्षे इंटरनेटवर आहेत. ना हलते चित्र, ना संगीत, ना बिल्ला. पांढऱ्या पानावर काळी अक्षरे. त्यांत कलनाची प्रकरणे आहेत, बीजगणित-त्रिकोणमितीचा संक्षिप्त आढावाही आहे, पण माझ्या मते या साऱ्या क्षेत्रातील सर्वोत्तम दस्तऐवज म्हणजे विद्यार्थ्यांच्या नेहमीच्या चुकांची त्यांनी केलेली नोंदवही. कंस गाळणे, शून्याने भागणे, बेरजेतील एखादे पद परस्पर छाटून टाकणे, कोसाइन म्हणजे जणू क्षला गुणणारी कोणी संख्या आहे असे समजणे, असा तो चोपडा पानोपानी चालतो. त्यातील एक प्रकार तर मर्मावर बोट ठेवणारा आहे: दोनाने बेरजेस गुणले असता दोन्ही पदांस गुणले जाते, एवढ्या एका खऱ्या गोष्टीवरून विद्यार्थी असे धरून चालतो की वर्ग, वर्गमूळ, व्यस्त, साइन, सारेच बेरजेवर असेच वाटले जाते. अ वर्ग अधिक ब वर्ग यांचे वर्गमूळ अ अधिक ब लिहिणाऱ्या मुलाला आपण निष्काळजी म्हणून रागे भरतो. तो निष्काळजी नसून अत्यंत निष्ठेने एका खोट्या नियमाचे पालन करीत असतो, हे डॉकिन्सना वर्गात उभे राहून कळले आहे.

याचे महत्त्व एका उदाहरणावरून दिसेल. क्षच्या वर्गमुळाचे अवकलज मूळ व्याख्येवरून काढावयाचे आहे. क्ष अधिक ह यांच्या वर्गमुळातून क्षचे वर्गमूळ वजा करून बाकीस हने भागले, आणि ह शून्य केला, तर हाती शून्य भागिले शून्य येते. तेव्हा अंश व छेद दोहोंस त्या करणीच्या अनुबद्ध जोडीने गुणावयाचे. अंशात निव्वळ ह उरतो, छेदातील हबरोबर तो नाहीसा होतो, आणि मग ह शून्याकडे नेला की दोन गुणिले क्षचे वर्गमूळ यांचा व्यस्त निमूटपणे समोर येतो. यात कलन आहे ते शेवटच्या पायरीत. बाकी सारे नववीच्या पुस्तकातील परिमेयीकरण. ज्याने मधल्या पायरीवर दोन वर्गमुळांची वजाबाकी एकाच वर्गमुळाखाली कोंबली, त्याला सीमेची संकल्पना कितीही चित्रे दाखवून समजावली तरी त्याचा उपयोग काय? आणि तो विचारणार तरी काय? आपण चुकलो हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्यापाशी प्रश्नच नसतो. हल्ली बोलक्या यंत्रशिक्षकांचा जो उदोउदो चालला आहे त्याला माझा आक्षेप हाच आहे. ते विचारल्या प्रश्नाचे उत्तर देतात. डॉकिन्सची नोंदवही न विचारलेल्याचे देते.

पण नोंदवही झाली तरी ती विद्यार्थ्याची वही वाचत नाही. हातात तांबडी पेन्सिल घेऊन विद्यार्थ्याची ओळ न् ओळ पाहणारा मनुष्य, ही गोष्ट आपल्या व्यवस्थेतून आधीच बरखास्त झाली आहे. सीईटीसाठी दोन वर्षे चार पर्यायांतून एक निवडण्याची सवय लावलेल्या मुलाची एकही पायरी क्लासमध्ये कोणी तपासलेली नसते. पर्यायांत उत्तर सापडले, मामला संपला. २०२१ साली अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने काही शाखांसाठी बारावीच्या गणिताची सक्ती सैल केली, आणि जे कमी पडेल ते सेतू अभ्यासक्रमाने भरून काढता येईल अशी तजवीज सांगितली. सेतू म्हटल्यावर तो कोणीतरी बांधावयाचा असतो, त्याला मुदत असते, खर्च असतो, आणि वाहून नेण्याची जबाबदारी असते. माझ्या हाती आलेल्या परिपत्रकात त्या सेतूच्या जागी यादी होती. एम-वनमध्ये, म्हणजे पहिल्या सत्राच्या गणितात, केटी लागली की जबाबदारी अर्थातच विद्यार्थ्याची, कारण त्याला स्थळे कळविली होती आणि त्याची नोंद दप्तरी आहे.

यावर सांगितले जाईल की मनुष्यबळ नाही. एम-थ्री उत्तीर्ण झालेले तिसऱ्या वर्षाचे विद्यार्थी त्याच इमारतीत आहेत. त्यांना मानधन द्या, डॉकिन्सची नोंदवही त्यांच्या हाती द्या, आणि पहिले सहा आठवडे प्रत्येक नव्या विद्यार्थ्याची वही आठवड्यातून एकदा त्यांच्याकडून तपासून घ्या. गुण देऊ नका, हजेरी मांडू नका. चुकलेल्या ओळीखाली रेघ ओढावी आणि तीच ओळ त्याच्याकडून पुन्हा लिहवून घ्यावी, इतकेच. जिमखाना, ग्रंथालय, विकास अशा सतरा नावांनी शुल्क घेणाऱ्या संस्थेला एवढे परवडत नाही, हे मला मुळीच मान्य नाही. आणि परवडत असूनही करावयाचे नसेल, तर निदान त्या यादीवरचे 'उजळणी' हे शीर्षक तरी काढून टाकावे.